बोर्डो मिश्रण जिथं सापडलं त्या गावातली वाइन

आमच्या द्राक्षबागेत फवारणीच्या आदल्या रात्री दोन बादल्या भरून ठेवलेल्या असायच्या, एकीत मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, पुरचुंडी फडक्यात बांधून काठीला लटकवलेली आणि दुसरीत कळीचा चुना विझवलेला. सकाळी अण्णा दोन्ही बादल्या एकदमच तिसऱ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ओतायचे, मी लाकडी दांडक्यानं ढवळत राहायचे आणि बघता बघता आभाळासारखा निळा रंग यायचा. पण लगेच फवारायचं नाही हां. आधी विळ्याचं पातं घासून लख्ख करायचं, त्या निळ्या पाण्यात मिनिटभर बुडवायचं, बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर तांबं अजून मोकळं आहे, पानं करपणार, मग चुन्याची निवळी वाढवायची आणि परत विळा बुडवायचा. पातं कोरं निघालं की पंप भरायचा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण, बुरशीच्या रोगांवरचं औषध, महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागायतदाराला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. कोकणात सुपारीवाले पावसाच्या तोंडावर हेच मारतात, विदर्भात संत्र्याच्या खोडाला याचीच घट्ट पेस्ट लावतात.

मला कितीतरी वर्षं वाटायचं की बोर्डो हे कुठल्यातरी कंपनीचं नाव असणार. ते फ्रान्समधल्या बोर्दो शहराचं नाव आहे हे नंतर कळलं, आणि त्याच्याही नंतर कळलं की खरी गोष्ट शहरात घडलेलीच नाही, ती घडली शहराच्या उत्तरेला साधारण ४५ किलोमीटरवरच्या एका खेड्यात. गावाचं नाव सँ-झुलियाँ-बेशव्हेल, लोक नुसतं सँ-झुलियाँ म्हणतात. हजारभरसुद्धा वस्ती नाही. आणि हे गाव जगात ओळखलं जातं ते मिश्रणासाठी नाहीच, ते ओळखलं जातं रेड वाइनसाठी. जगातल्या फार नावाजलेल्या रेड वाइन बनवणाऱ्या काही इस्टेटी या एवढ्याशा गावात एकमेकींना खेटून उभ्या आहेत. तर आज या गावाबद्दल सांगते, म्हणजे ती वाइन एवढी चांगली का होते, एवढी महाग का विकली जाते, आणि ते 'क्लास', 'ग्रेड' वगैरे जे बाटलीवर लिहिलेलं असतं त्याचा नेमका अर्थ काय. वाइन पिणाऱ्यांचे लेख वाचायला गेलं की पहिल्याच ओळीत दहा फ्रेंच शब्द येतात आणि माणूस पान बंद करतो, पण ही सगळी शेवटी शेतीचीच गोष्ट आहे, शेतकऱ्याच्या घरात ती पटकन कळते.

आधी त्या मिश्रणाची १८८२ ची गोष्ट पूर्ण करते. त्या काळात फ्रान्समधल्या द्राक्षांवर एकामागून एक संकटं येत होती. आधी १८५० च्या दशकात भुरी हा बुरशीचा रोग आला, तो गंधकानं आवरला. मग फायलोक्सेरा नावाचा बारीक किडा अमेरिकेतून आला, तो मुळं खातो, त्यानं बागाच्या बागा वाळवल्या. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन जंगली वेलीची मुळं आणायची आणि त्यावर फ्रेंच द्राक्षाचं कलम करायचं असं ठरलं, कारण अमेरिकन मुळांना तो किडा मारू शकत नाही. आपल्याकडे डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात ना, तेच तंत्र, फक्त आपण ते दुष्काळ आणि खारट पाण्यासाठी करतो आणि त्यांनी ते किड्यापासून वाचायला केलं. पण त्या अमेरिकन झाडांबरोबरच बहुतेक आणखी एक पाहुणा आला, डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, फ्रान्समध्ये तो पहिल्यांदा दिसला १८७८ साली. पानं गळायची, घड तसेच कच्चे राहायचे.

ऑक्टोबर १८८२ मध्ये बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे या सँ-झुलियाँच्या रस्त्यावरून चालले होते. सगळ्या बागा निष्पर्ण झालेल्या आणि रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार! जवळ जाऊन बघितलं तर पानांवर निळसर पांढरे डाग. चौकशी केली तेव्हा कळलं की येणारेजाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून तिथले लोक कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवतात, दिसायला विषारी दिसतं, चव कडू लागते, कुणी हात लावत नाही. म्हणजे चोरांसाठी मारलेल्या औषधानं रोग थांबला होता. मियार्देंनी गायों नावाच्या रसायनतज्ज्ञाला सोबत घेतलं, द्युक्रू-बोकायू या सँ-झुलियाँमधल्या इस्टेटीवर आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या एका इस्टेटीवर तिथल्या मॅनेजरच्या मदतीनं प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रण जाहीर केलं. त्यांचं पहिलं मिश्रण फारच जाड होतं, १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि वरून १५ किलो चुना. आपलं एक टक्क्याचं त्याच्यापुढं पाणचट वाटेल.

आता गाव. बोर्दोच्या उत्तरेला जिरोंद नावाची प्रचंड रुंद खाडी आहे, गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन ती बनते आणि पुढं अटलांटिक समुद्राला मिळते. खाडीच्या डाव्या काठाला जी जमिनीची पट्टी आहे ती मेदोक. बोर्दोहून डी-२ नावाच्या रस्त्यानं निघालं की आधी मार्गो लागतं, मग सँ-झुलियाँ, मग पोयाक. बेशव्हेलपाशी रस्त्याच्या कडेला भलीमोठी वाइनची बाटली उभी केलेली आहे, तिच्यावर गावाचं नाव, आपल्याकडे गावाच्या वेशीवर कमान असते तसं. बेशव्हेल हे नाव कुठून आलं त्याची एक कथा सांगतात. इथल्या वाड्याचा मालक एपर्नोंचा ड्यूक हा फ्रान्सचा नौदलप्रमुख होता आणि खाडीतून जाणाऱ्या प्रत्येक जहाजानं त्याच्या मानासाठी शीड खाली करायचं, 'शीड उतरवा' या हाळीवरून बेशव्हेल. कथा खरी असो नसो, बेशव्हेल इस्टेटीच्या लेबलवर आजही शीड उतरवलेलं जहाज असतं.

मेदोक पूर्वी दलदलीचा भाग होता. सतराव्या शतकात डच इंजिनिअर लोकांनी चर खणून पाणी काढून दिलं, तेव्हा खालचे खडीचे उंचवटे मोकळे झाले आणि लोकांनी तिथं वेली लावल्या. ही खडी म्हणजे सगळ्या गोष्टीचं मूळ आहे बघा. पिरेनीज आणि मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून लाखो वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून आणलेले गोल, गुळगुळीत गोटे, मुठीएवढे, अंड्याएवढे, त्यांचे थर इथं काही मीटर जाडीचे आहेत. बोकायू या शब्दाचा अर्थच सुंदर गोटे. आपल्याकडचा माणूस ही जमीन बघून म्हणेल की ह्यात काय पिकणार, काळी कसदार नाही, ओल धरत नाही, गहू लावला तर बी पण परत यायचं नाही. बरोबर आहे. पण वाइनच्या द्राक्षाला जास्त सुख झालं की ते बिघडतं. पाणी आणि खत भरपूर मिळालं की वेल पानं आणि फांद्या वाढवत बसते, मणी मोठे आणि पाणीदार होतात, खायला छान पण वाइनला फिकट. खडीत पावसाचं पाणी झरझर खाली जातं, मुळांना त्याच्या मागं खोल जावं लागतं, वेलीला हलकासा ताण बसतो, आणि मणी बारीक, जाड सालीचे, रसात सगळं दाट झालेले येतात. शिवाय हे गोटे दिवसा तापतात आणि रात्री ती ऊब सोडतात, त्यामुळं उशिरा पिकणाऱ्या जातीला शेवटचे काही दिवस मिळतात. आणि बाजूला खाडीचं एवढं मोठं पाणी असल्यामुळं वसंतातल्या कडाक्याच्या थंडीत काठाजवळच्या बागा वाचतात. मेदोकमध्ये जुनं म्हणणं आहे की चांगल्या वेलीला नदी दिसली पाहिजे. सँ-झुलियाँतल्या बऱ्याच चांगल्या बागांना ती दिसते.

आकडे सांगते म्हणजे फरक नीट कळेल. आपल्याकडे खायच्या द्राक्षाच्या एकरी हजाराच्या आसपास वेली असतात आणि चांगला बागायतदार एकरी दहा टन माल काढतो. मेदोकच्या चांगल्या बागेत हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली असतात, म्हणजे एकरी चार हजार, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेल्या, मांडव वगैरे काही नाही. आणि एवढ्या वेलींतून हेक्टरी साधारण ४५ हेक्टोलिटर, म्हणजे साडेचार हजार लिटर वाइन निघते, म्हणजे सहा हजार बाटल्या. हिशोब करून बघा, एका वेलीतून एक बाटलीसुद्धा येत नाही! एकरी माल अडीच टनांच्या आसपास. ठिबक नाही, कारण लागत्या बागेला पाणी द्यायला तिथं साधारणपणे परवानगीच नाही, पडेल त्या पावसावर भागवायचं. आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असं दोनदा ऐकून तिथला माणूस चकित होईल, पण आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून आपल्याला तसं करावं लागतं.

द्राक्षाच्या जाती मुख्य दोन, काबर्ने सोव्हिन्यो आणि मेर्लो, सोबत थोडी काबर्ने फ्रां आणि पेती व्हेर्दो. सँ-झुलियाँत राज्य काबर्नेचं. गंमत म्हणजे ही काबर्ने सोव्हिन्यो जात काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यो ब्लां यांची आपोआप झालेली संकर संतती आहे, १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डीएनए तपासून हे सिद्ध झालं, म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध काळ्या द्राक्षाची आई किंवा बाप पांढरं द्राक्ष. काबर्ने उशिरा पिकते, साल जाड, बी मोठं, तुरटपणा भरपूर. मेर्लो तिच्या आधी पिकते, मऊ, गरदार, आणि तिला चिकणमाती चालते. दोन्ही का लावतात? कारण हवामानाचा भरवसा नाही. ऑक्टोबरला पाऊस लागला तर काबर्ने मार खाते पण मेर्लो तोवर घरात आलेली असते, आणि वसंतात थंडी पडली तर आधी फुटणारी मेर्लो मार खाते. प्रत्येक जातीची, प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी बनवतात, आणि हिवाळ्यात बसून चव घेऊन ठरवतात की यंदा किती टक्के काय मिसळायचं. म्हणून एकाच इस्टेटीची २०१५ ची आणि २०१७ ची वाइन सारखी नसते आणि बाटलीवर वर्ष छापलेलं असतं.

वाइन बनवायची पद्धत तशी साधी आहे. काळ्या द्राक्षाचा गर पांढराच असतो, रंग असतो सालीत, म्हणून रस सालीसकट टाकीत आंबवतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्या वायूनं साली वर तरंगून जाड साय धरतात, मग खालचा रस पंपानं वर ओढून त्या सालींवर सोडायचा, दिवसातून दोनतीनदा, म्हणजे रंग आणि तुरटपणा उतरत राहतो. दोनतीन आठवडे हे चालतं. हा जो तुरटपणा आहे त्यालाच टॅनिन म्हणतात, आणि रेड वाइन समजून घ्यायची तर हा एकच शब्द पक्का करावा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत होते, आवळा चावल्यावर, कात तोंडात धरल्यावर, किंवा चहा फार वेळ उकळला की दातांवर जे बसतं, ते टॅनिन. नव्या सँ-झुलियाँ वाइनमध्ये ते खूप असतं आणि तोंड आखडतं. पण हेच टॅनिन वाइनला वर्षानुवर्षं टिकवतं, आणि दहा, पंधरा, वीस वर्षांत हळूहळू त्याचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात आणि वाइन मऊ होते. लोक तळघरात बाटल्या ठेवून वाट बघतात ती यासाठी.

आंबल्यावर वाइन ओकच्या लाकडी पिंपात जाते. पिंप २२५ लिटरचं, म्हणजे बरोबर तीनशे बाटल्या. तिथं ती वर्ष-दीड वर्ष राहते, आणि दर तीनेक महिन्यांनी एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, म्हणजे खालचा गाळ मागं राहतो. हे काम जुन्या पद्धतीनं कसं करतात ते बघण्यासारखं आहे. तळघरात अंधार, पिंपाच्या तोंडातून वाइन बारीक धारेनं वाहतेय, कामगार एका हातात ग्लास धरून त्याच्या मागं मेणबत्ती ठेवतो आणि ज्योत ग्लासातून किती स्वच्छ दिसते ते बघत राहतो. ज्योत जराशी धूसर झाली की गाळ आला, लगेच तोंड बंद. आणि शेवटी वाइन निवळायची तर त्यात अंड्याचा पांढरा बलक टाकतात. हो, खरंच, एका पिंपाला चारसहा अंडी. बलक फेसून पिंपात हलवून मिसळायचा, टॅनिनचे राकट कण त्याला चिकटतात आणि सगळं मिळून तळाशी बसतं. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तसंच. हा बलक फेसायचा लहानसा लाकडी वाडगा असतो, त्याला बोंताँ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता येते सगळ्यात गोंधळाची गोष्ट, ती १८५५ ची यादी. त्या वर्षी तिसऱ्या नेपोलियननं पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरवलं. बोर्दोच्या व्यापारी मंडळाला आपल्या वाइन तिथं मांडायच्या होत्या, म्हणून त्यांनी दलालांच्या संघटनेला सांगितलं की चांगल्या इस्टेटींची प्रतवार यादी द्या. दलालांनी काय केलं? त्यांच्याकडे अनेक वर्षांचे सौद्यांचे भाव होते, कुणाची वाइन कितीला जाते हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी त्या भावांवरून पाच पायऱ्या पाडल्या आणि १८ एप्रिल १८५५ ला यादी देऊन टाकली. म्हणजे मुळात हे बाजारभावाचं पत्रक होतं हो, मार्केट यार्डात लागतं तसं! पण ते तिथंच गोठलं. १८५६ मध्ये एक नाव वाढलं, १९७३ मध्ये पोयाकच्या मुतों इस्टेटीला दुसऱ्यातून पहिल्या पायरीवर नेलं, आणि बाकी आजतागायत पायऱ्या तशाच.

आज या यादीत ६१ रेड वाइन इस्टेटी आहेत आणि त्यातल्या ११ एकट्या सँ-झुलियाँच्या. दुसऱ्या पायरीवर लेओव्हिल-लास-काझ, लेओव्हिल-पोआफेरे, लेओव्हिल-बार्टन, ग्रुओ-लारोझ आणि द्युक्रू-बोकायू, तिसऱ्यावर लाग्रांझ आणि लांगोआ-बार्टन, चौथ्यावर सँ-पिएर, तालबो, ब्रानेर-द्युक्रू आणि बेशव्हेल. पहिल्या पायरीवर एकही नाही, पाचवीवरही एकही नाही. गावाचं एकूण वेलींचं क्षेत्र जेमतेम ९०० हेक्टर आणि त्यातला बहुतेक भाग या अकरांच्याच ताब्यात, म्हणजे सँ-झुलियाँ असं लिहिलेली कुठलीही बाटली उचलली तरी वाईट निघायची शक्यता फार कमी. शेजारच्या गावांच्या नावावर इतका डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. मला तर हे गाव आवडतं ते याचसाठी, एखादाच चमकणारा तारा असण्यापेक्षा सगळा वर्गच पास.

पण पायरी कशाला मिळाली आहे, जमिनीला की नावाला? लोकांना वाटतं जमिनीला. नाही. पायरी आहे नावाला. आणि हे समजून घ्यायला सँ-झुलियाँइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, ते म्हणजे शातो ग्लोरिया ही इस्टेट. इथं आंरी मार्तां नावाचे गृहस्थ होते, पुढं गावाचे महापौर झाले, त्यांनी १९४० च्या दशकात थोडी थोडी जमीन घ्यायला सुरुवात केली. कुणाची? त्याच मोठ्या इस्टेटींची, ज्यांना पैशाची गरज होती त्यांनी एकेक तुकडा विकला. असे तुकडे जोडत जोडत त्यांनी ग्लोरिया उभी केली. म्हणजे जमीन चौथ्या पायरीची, दुसऱ्या पायरीची, तीच खडी, त्याच वेली, पण ग्लोरिया हे नाव १८५५ च्या यादीत नाही, तेव्हा ते नावच नव्हतं, म्हणून ग्लोरियाला कुठलीच पायरी नाही. उलट यादीतल्या इस्टेटीनं उद्या गावात शेजाऱ्याचा तुकडा विकत घेतला तर त्या तुकड्याची वाइन तिच्या पायरीच्या नावानं जाऊ शकते. मार्तांनी यादीबद्दल रडत बसण्याऐवजी वाइन चांगली केली आणि ती यादीतल्या बऱ्याच वाइनच्या बरोबरीनं विकली. १९८२ मध्ये त्यांनी सँ-पिएर ही यादीतली इस्टेटही घेतली. आणि मेदोकच्या वाइनवाल्यांचं जे मंडळ आहे, मखमली झगे घालून समारंभ करतात ते, त्याचे ते संस्थापकांपैकी एक होते आणि प्रमुखही होते. मंडळाच्या नावात कुठला शब्द आहे माहितीय? बोंताँ. अंड्याचा बलक फेसायचा वाडगा.

नाव आणि जमीन कशी फुटत जाते याचं दुसरं उदाहरण लेओव्हिल. पूर्वी ही एकच अवाढव्य इस्टेट होती, लास-काझच्या मार्क्विसची, म्हणजे तिथल्या सरदाराची. फ्रेंच राज्यक्रांतीत मार्क्विस देश सोडून गेला, इस्टेटीचा एक हिस्सा गेला, तो १८२६ मध्ये ह्यू बार्टन या आयरिश वंशाच्या वाइन व्यापाऱ्यानं घेतला, त्यानं लांगोआ १८२१ मध्येच घेतली होती. उरलेल्याची १८४० च्या सुमारास बहीणभावात वाटणी झाली, भावाकडे लास-काझ, बहिणीच्या लेकीच्या सासरचं नाव पोआफेरे. झाले तीन लेओव्हिल. सातबाऱ्यावर नावं वाढतात आणि बांध पडतात, ते तिथंही चुकलं नाही. बार्टन घराण्याकडे दोन्ही इस्टेटी अजून आहेत, दोनशे वर्षं झाली. लेओव्हिल-बार्टनला स्वतःचा वाडाच नाही, लेबलवर लांगोआचा वाडा छापतात. शातो म्हणजे राजवाडा असलाच पाहिजे असं काही नाही, बोर्दोत शातो म्हणजे वाइनची इस्टेट, कधी महाल कधी साधं घर.

लास-काझचा मोठा, दगडी भिंतीनं बंद केलेला मळा गावाच्या उत्तर टोकाला आहे, त्याच्या कमानीवर सिंह, तोच बाटलीवर. त्याच्या पुढं एक ओहोळ आणि ओहोळापलीकडे पोयाकची लातूर नावाची इस्टेट, पहिल्या पायरीची. ओहोळाच्या अलीकडे दुसरी पायरी, पलीकडे पहिली, गाव वेगळं, भाव वेगळा. लास-काझवाले पायरी बदलून मागू शकत नाहीत, मग ते काय करतात, तर आपलीच वाइन नाकारतात. म्हणजे असं की दरवर्षी ज्या टाक्या, ज्या पिंपांतली वाइन मुख्य नावाला साजेशी वाटत नाही ती बाजूला काढून दुसऱ्या लेबलखाली कमी भावात विकायची. याला सेकंड वाइन म्हणतात. तालबोची कोनेताब्ल द तालबो, बेशव्हेलची अमिराल द बेशव्हेल, लाग्रांझची ले फिएफ द लाग्रांझ, लाग्रांझ म्हणजे १९८३ मध्ये जपानच्या सनटोरीनं घेतली ती. लास-काझची क्लो द्यु मार्की तर १९०२ पासूनची, पण ती आता स्वतंत्र वाइन मानतात आणि २००७ पासून पेती लिओँ, म्हणजे छोटा सिंह, ही सेकंड वाइन झाली. निर्यातीच्या मालात आपण आधी घड निवडून बाजूला काढतो आणि उरलेला लोकल मार्केटला देतो, तसाच प्रकार. ज्याला हे गाव चाखून बघायचंय पण खिसा परवानगी देत नाही त्यानं या सेकंड वाइनपासून किंवा ग्लोरियापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

विक्रीची पद्धत पण वेगळी. सप्टेंबर-ऑक्टोबरला द्राक्षं तोडली की पुढच्या वसंतात, म्हणजे वाइन अजून पिंपात असतानाच, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक येऊन चव घेतात, मग इस्टेट भाव जाहीर करते आणि माल विकला जातो. पैसे आज, बाटली दीड-दोन वर्षांनी. याला आँ प्रिमर म्हणतात. आपल्याकडे मोहर बघून आंब्याची बाग देतात, त्याच्या जवळचं आहे. इस्टेट थेट गिऱ्हाइकाला सहसा विकत नाही, मधे दलाल असतो, त्याची दलाली परंपरेनं दोन टक्के, मग बोर्दोचा व्यापारी, तो जगभर पाठवतो. शेतकऱ्याला रोख लवकर मिळते आणि व्यापारी भाव वाढेल या आशेवर घेतो. भाव नाही वाढला की व्यापाऱ्याच्या गळ्यात साठा पडतो, आणि अलीकडच्या वर्षांत तसं बरंच झालंय.

लेबल वाचायचं तर तीन गोष्टी बघा. गावाचं नाव, सँ-झुलियाँ, ते १९३६ पासून कायद्यानं राखलेलं आहे, हद्दीबाहेरच्या द्राक्षाला लावता येत नाही. मग इस्टेटीचं नाव. आणि 'ग्रां क्रू क्लासे आँ १८५५' असं असलं तर ती त्या यादीतली, कितवी पायरी ते बहुधा लिहीत नाहीत, ते आपण ओळखायचं.

आणि ते बोर्डो मिश्रण? अजून मारतात. सेंद्रिय शेती करणाऱ्यांना तर डाऊनीवर तांब्याशिवाय फारसा पर्यायच नाही. पण तांबं मातीतून जात नाही, साठत राहतं, गांडुळांना त्रास होतो, म्हणून युरोपनं मर्यादा घातलीय, सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांबं, म्हणजे वर्षाला सरासरी चार. मी हे अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांनी लगेच हिशोब मांडला. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे चार किलो तांबं म्हणजे सोळा किलो मोरचूद, हेक्टरी. एकराला साडेसहा किलो भरतंय. आपण एक टक्क्यानं एकरी चारशे लिटर मारलं की चार किलो तिथंच गेलं. "दीड फवारणीत वर्ष संपलं की गं त्यांचं," अण्णा म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "मग पावसाळी वर्षात काय करत असतील?" मी म्हटलं अगदी हलके डोस मारतात, हेक्टरी काहीशे ग्रॅम तांबं, आणि पाऊस धुऊन घेऊन गेला की परत.